दादा, फोटो टाकलाय बघा

आमचं बार्शीत छोटं प्रिंटिंगचं दुकान आहे. व्हिजिटिंग कार्ड, लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स सगळं घेतो, डिझाईन आमच्याकडं आणि मोठी छपाई बाहेर. वडील बघायचे तेव्हा गिऱ्हाईक फोटो पाकिटात घालून आणायचं, मागं पेनानं नाव लिहिलेलं असायचं, स्कॅन केला की झालं. आता "दादा, फोटो टाकलाय बघा" एवढाच मेसेज येतो आणि माझं डोकं तिथून उठायला लागतं.

पहिली दोन वर्षं तर मला हेच कळत नव्हतं की गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर फोटो एकदम टकाटक दिसतो आणि माझ्याकडं आला की ढगाळ का होतो. मी त्यांना म्हणायचो "ओरिजिनल पाठवा", ते म्हणायचे "अहो ओरिजिनलच आहे की", आणि दोघंही आपापल्या जागी खरे. व्हॉट्सॲपवरनं साधा फोटो पाठवला की तो बारीक होऊन येतो, मोठी बाजू साधारण 1600 पिक्सेलवर, म्हणजे 1600 ठिपक्यांवर येते. पत्रिकेसाठी इंचाला 300 ठिपके धरले तर 1600 म्हणजे सव्वापाच इंच, तेवढ्यात भागतं. पण तोच फोटो 6 फुटी फ्लेक्सवर ताणला की इंचाला 22 ठिपके उरतात, मग साहेबांच्या मिशीचा आणि ओठाचा एकच गोळा होतो. फ्लेक्स लांबून बघायचा असतो म्हणून मी 72 वर भागवून घेतो, पण 22 वर नाही भागत. आणि वाढदिवसाचा फ्लेक्स असला की खाली शुभेच्छुक म्हणून वीस जणांचे फोटो, प्रत्येकाचा स्टेटसवरनं काढलेला स्क्रीनशॉट, एकाच्या डोक्यावर तर बॅटरी 14 टक्के दिसत होती आणि ती आमच्या पोरानं तशीच ठेवली होती. नशीब छापायच्या आधी मी बघितलं.

खरा धडा मिळाला तो एका दहाव्याच्या बॅनरला. संध्याकाळी सात वाजता एक काका आले, सोबत मुलगा, सकाळी बॅनर पाहिजे. वडिलांचा फोटो भिंतीवरच्या फ्रेमचा मोबाईलनं काढलेला, बरोबर कपाळावर ट्यूबलाईट चमकलेली. मी म्हटलं दुसरा बघा. मुलगा म्हणाला पुण्याच्या चुलतभावानं दिवाळीत काढलाय, आयफोनवर, एकदम भारी आहे, त्याला मेलवर पाठवायला सांगतो. आला, फाईलच्या नावाच्या शेवटी एचईआयसी लिहिलेलं. माझ्या दुकानातल्या जुन्या विंडोज 7 ला ते काय आहे हेच माहीत नाही, पांढरा कागद दिसतो नुसता. आमच्या पोरानं हुशारी केली, नाव बदलून पुढं जेपीजी लावलं, आयकॉन फोटोसारखा झाला, सगळे खूश, आणि फोटोशॉपमध्ये ओढला तर इनव्हॅलिड जेपीईजी मार्कर म्हणून एरर. काका माझ्या तोंडाकडं बघतायत. त्यांना वाटलं फोटोच खराब झाला, वडिलांचा शेवटचा चांगला फोटो, त्यांचा आवाजच बसला एकदम. त्यांना मी चहा पाजला आणि समजावलं की फोटो शाबूत आहे, फक्त आमच्या मशीनला ती भाषा येत नाही.

आयफोननं 2017 पासनं फोटो असे साठवायला सुरुवात केली, जागा कमी लागते म्हणून. आत फोटो वेगळ्या पद्धतीनं दाबून भरलेला असतो, त्यामुळं बाहेरची पाटी बदलून उपयोग नाही. शेवटी घरनं पोरीचा विंडोज 10 चा लॅपटॉप आणला, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधनं त्याचं एक्स्टेन्शन, म्हणजे ती भाषा शिकवणारं जोड-सॉफ्टवेअर टाकलं, नंतर कळलं की एकानं भागत नाही, दुसरं अजून एक लागतं आणि त्याला किरकोळ पैसे पडतात, तेही भरले. साडेनऊला फोटो उघडला. गांधी टोपी, कानावरचे पांढरे केस, सगळं एकेक दिसत होतं. काका स्क्रीनजवळ येऊन बोटानं दाखवत म्हणाले, "ही बघा, ह्या गालावर विहिरीतली खूण." लहानपणी विहिरीत पडले होते म्हणे. जेपीजी करून फ्लेक्सवाल्याला पाठवलं, रात्री अकराला बॅनर निघाला.

ऑनलाईन कन्व्हर्टर पण खूप आहेत, पण मी तिथं लोकांचे फोटो टाकत नाही. आमच्याकडं आधारकार्ड, पॅनकार्ड पण येतात, कुठल्या देशातल्या कॉम्प्युटरवर जातायत काय माहीत. ह्यावर आमचा पोरगा हसतो, हसू दे.

गंमत म्हणजे नाव बदलून काही ठिकाणी काम होतंसुद्धा, म्हणूनच तो पोरगा फसला होता. क्रोमवरनं सेव्ह केलेला फोटो कधी कधी जेएफआयएफ म्हणून येतो, तो आतनं जेपीजीच असतो, नाव बदललं की चालतो. आणि शाळावाले, पतसंस्थावाले लोगो वर्ड फाईलमध्ये चिकटवून पाठवतात, तिथं मी फाईलच्या नावातलं शेवटचं डॉक्स काढून झिप लिहितो, फाईल उघडते, आत वर्ड नावाचं फोल्डर, त्यात मीडिया, आणि त्यात लोगो जसा टाकला होता तसा पडलेला असतो. आधी मी स्क्रीनशॉट काढून कापत बसायचो, किती तास गेले असतील.

पीएनजीचं वेगळंच. लोकांना कुणीतरी सांगितलंय की पीएनजी म्हणजे पाठीमागचं गेलेलं. मग गूगलवरनं गणपती आणतात, मागं राखाडी-पांढऱ्या चौकटी, म्हणजे पाठीमागचं गेल्याची खूण, पण त्या चौकटी फोटोतच छापलेल्या असतात. आणि खरा पीएनजी असला तरी व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकला की जेपीजी होऊन येतो, लोगोभोवती चौकोन, मग मरून रंगाच्या लेटरहेडवर तो कापत बसा.

पैसे गेले ते मात्र रंगात. एका डेअरीवाल्यानं मोबाईलच्या ॲपवर लोगो बनवलेला, गडद चकचकीत निळा. स्क्रीनवर मस्त. मी तसाच लावून 1000 कार्डं बाहेर छापायला दिली आणि आली ती जांभळी. स्क्रीनचा तो निळा लाल-हिरव्या-निळ्या उजेडातनं येतो, छपाईत सायन (आकाशी) आणि मॅजेंटा (गुलाबी) शाईतनं काढावा लागतो, आणि आपोआप बदलू दिलं की मॅजेंटा जास्त पडतो. डेअरीवाला म्हणाला, "दूध जांभळं विकू का आता?" बोलणं बरोबरच होतं, परत छापून दिली माझ्या खर्चानं. आता निळा आला की सायन 100 टक्के आणि मॅजेंटा 60 टक्क्यांच्या आत हातानं भरतो आणि आधी एक कागद काढून गिऱ्हाइकाची सही घेतो. सही नाही तर छपाई नाही, पाहुणा असला तरी.

आणि आता "ओरिजिनल पाठवा" म्हणत नाही. काउंटरवर कागद चिकटवलाय आणि व्हॉट्सॲपवर तोच मेसेज तयार ठेवलाय: कागदाच्या पिनेचं चिन्ह दाबा, डॉक्युमेंट निवडा, मग फोटो निवडा. आयफोनवाल्यांना आधी फोटो फाईल्समध्ये सेव्ह करायला सांगतो, मग डॉक्युमेंट. नवीन फोटो काढायचे असतील तर सेटिंगमध्ये कॅमेरा, फॉरमॅट, मोस्ट कंपॅटिबल, म्हणजे पुढचे तरी जेपीजी येतात. एवढं करून दहातले सहा-सात नीट पाठवतात. बाकीचे फोन करतात, "दादा पिन कुठंय?", मग मी आपला फोनवर पिन शोधून देतो.

काल एका लग्नाच्या अल्बमसाठी ड्राईव्हची लिंक आली, उघडली तर परवानगी मागा म्हणते. मागितलीय. नवरदेव हळदीत आहे, फोन बहिणीकडं आहे, बहीण पार्लरमध्ये आहे.