गच्चीवरच्या ५४ चौकटी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरच्या जुन्या रिळांवरून केलेली माझी फिल्म दाखवून झाली की कुणीतरी विचारतंच, "आईंची परवानगी घेतली होती का?" आजवर मी "हो" म्हणून मोकळी होत आले.

रिळं काकांची. १९७९ साली मस्कतहून येताना त्यांनी सुपर एट कॅमेरा आणला, घरगुती चित्रण करायचा छोटा फिल्म कॅमेरा. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म, सेकंदाला १८ चौकटी (फ्रेम), म्हणजे जेमतेम ३ मिनिटं २० सेकंद. आवाज नाही. धुवायला रिळं काकांबरोबरच परत जायची आणि पुढच्या सुट्टीत आम्ही भिंतीवर स्वतःला बघायचो. इतकी जपून वापरायची वस्तू, तरी ३ सेकंद आईवर आहेत. गच्चीवर कुरडया घालताना ती वर बघते, मान फिरवते, पदर पुढे ओढते.

त्या ५४ चौकटी मी ताणून, पुन्हा पुन्हा फिरवून, ४ मिनिटांच्या केल्या. अनुदानाच्या अर्जात लिहिलं होतं, 'नकाराला आवाज देण्याचा प्रयत्न'.

कच्चं संकलन आईला स्वयंपाकघरातच दाखवलं, लॅपटॉपवर. ती मेथी निवडत होती. पहिल्यांदा मान फिरली तेव्हा ती जरा हसली. तिसऱ्यांदा फिरली तेव्हा हातातली जुडी खाली ठेवली. म्हणाली, "नको म्हणाले होते मी भावोजींना. दोनदा म्हणाले. सगळे हसले." पडद्यावर मान फिरतच होती. मला ते थांबवायचंही सुचलं नाही. "आता तू किती वेळा म्हणायला लावणार आहेस?" मी गप्प. मग तिनं जुडी उचलली. "दाखवायचं तर दाखव. मला विचारू नकोस."

यालाच मी परवानगी म्हणत आले.

माझी बाजूही ऐका. ११ रिळांत बाकी सगळे हात हलवतात, मुंजीत, लग्नात, समुद्रावर. आई नाहीच कुठे. ती तेव्हा आत, चुलीपाशी. हे ३ सेकंद काढले तर आमच्या घराच्या आठवणीतून तीच निघून जाते. हे मला तेव्हाही पटत होतं, आजही पटतं. पण मग एकदा दाखवून भागलं असतं. ४ मिनिटं मला हवी होती. आणि तो अर्ज लिहिणारीला आज विचारावंसं वाटतं: आवाज द्यायला ती मुकी होती का? दोनदा बोलली होती.

लॅपटॉपमध्ये आता दुसरी प्रतही आहे, गच्ची नसलेली. ती मी अजून कुणाला दाखवलेली नाही. रविवारी दाखवायला कुठली नेणार, ठरलेलं नाही.