तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा आहेत

माझं प्रदर्शनातलं काम बघून तुम्ही विचारलंत, "वडील गेले का?" म्हणून सांगते: नाही, अण्णा आहेत. ठणठणीत आहेत. आत्ता बाहेर पेपर वाचत बसलेत.

काळोख्या खोलीत जमिनीवर निजवलेली मातीची मूर्ती आणि तिच्यावर वरून पडणारा अण्णांचा व्हिडिओ, श्वास घेताना. एवढंच ते काम. बघून आलेला माणूस आवाज खाली आणून विचारतो, "वडील कधी गेले?" मी सांगते, दुपारी जेवून झोपले होते, तेव्हा शूट केलंय. मग समोरच्याची जी पंचाईत होते, ती बघवत नाही.

काम मरणावरच आहे, ते नाकारत नाही. बिल व्हायोला या अमेरिकन कलावंतानं १९९२ साली 'नान्त ट्रिप्टिक'मध्ये शेजारी शेजारी तीन व्हिडिओ लावले: एका बाजूला बाळंत होणारी बाई, मध्ये पाण्यात बुडलेला माणूस आणि दुसऱ्या बाजूला त्याची स्वतःची आई, शेवटच्या घटका मोजणारी. कॉलेजात ते कळलं त्या रात्री जेवण गेलं नाही. कॅमेरा तिथवर न्यायची माझी छाती नाही. मी झोपेपर्यंतच पोचले.

आत्यानं फोनवरून झापलं, "जित्या माणसाची मूर्ती करतात होय गं?" अण्णांची चिंता वेगळीच. "बनियन बदलू का?"

शाडू भाजायचा नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. पेणहून पोती आणली, काथ्या घालून माती मळली. आत सळई नाही, कारण माती वाळताना आक्रसते, सळई आक्रसत नाही, आणि मग माती तडकते. निजलेल्या माणसाला सळई लागतही नाही म्हणा. खाली फळीवर वाळू पसरली, म्हणजे मातीला सरकायला वाव राहतो.

प्रोजेक्टर थेट खाली तोंड करून टांगू नका, दिवा तापेल, असं भाड्यानं देणाऱ्यानं बजावलं होतं. म्हणून तो माळ्यावर आडवा ठेवला आणि पुढे ४५ अंशांत आरसा धरला. पहिला आरसा न्हाणीतला. अण्णांना दोन नाकं आली! साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, आणि काचेची पुढची बाजूही थोडा उजेड परतवते. पुढच्या बाजूनं मुलामा दिलेला आरसा मिळेपर्यंत आठवडा गेला, पैसे गेले ते वेगळेच.

ओला शाडू काळपट करडा असतो, उजेड गिळून टाकतो. पहिल्या दिवशी छातीची हालचाल जेमतेम कळत होती. माती वाळून पांढुरकी होत गेली तसतसं चित्र उजळलं, बनियनची शिवणसुद्धा दिसायला लागली. आणि त्याच दिवशी मनगटाशी पहिली चीर गेली.

टाळूपासून टाचेपर्यंत साडेपाच फुटांची मूर्ती तीन इंचांनी आटली. व्हिडिओ कुठला आटायला! मातीची बोटं संपायची तिथून पुढे उजेडाची बोटं वाळूवर पडायची. रोज सकाळी दार उघडायच्या आधी मी लॅपटॉप घेऊन चित्र लहान करत बसायचे, कडेला कड जुळवत.

दहाव्या दिवशी (योगायोग, दुसरं काही नाही) अण्णा बघायला आले. जरा लवकरच आले, माझी कड जुळवायची राहिली होती. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर काढलेला माणूस. बराच वेळ उभे राहिले. मग गुडघ्यावर हात टेकत वाकले आणि मूर्तीच्या बोटांपुढे सांडलेल्या उजेडात स्वतःचं बोट धरलं. व्हिडिओतलं नख बरोबर त्यांच्या नखावर आलं.

"कापड आटणार हे ठाऊक असलं की असंच करतात," ते म्हणाले. "चारी बाजूंनी माया सोडलीयस, बरं केलंस."

लॅपटॉप माझ्या काखेतच राहिला.

"बनियन मात्र बदलायला हवं होतं."