किल्लीवाल्या काकूंची परीक्षा

२००४ च्या सुमारास आमच्या बिल्डिंगमधल्या सहा बंद फ्लॅटच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या. कुणाची पुण्याला बदली झालेली, कुणी मुलाकडे अमेरिकेत. महिन्यातून एकदा दार उघडायचं, नळ सोडून बघायचा, वाळवी-बिळवी नाही ना ते पाहायचं. त्यातल्या एकांनी फोनवर सांगितलं, "वहिनी, चांगली फॅमिली असली तर भाड्याने द्यायचंय, बघा ना." बघितली. त्यांनी एका महिन्याचं भाडं पाकिटात घालून दिलं. मी दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतलं. डोंबिवलीत माझा इस्टेट एजन्सीचा धंदा सुरू झाला तो असा. अजूनही अर्धी गल्ली मला किल्लीवाल्या काकूच म्हणते.

भाड्याच्या जागांवरून रिसेल, रिसेलवरून नव्या प्रोजेक्टमधले फ्लॅट. २०१९ मध्ये एका बिल्डरच्या सेल्स ऑफिसमधला मुलगा म्हणाला, "काकू, रेरा नंबर नसेल तर ब्रोकरेज निघणार नाही." रेरा म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारा कायदा, महारेरा म्हणजे तो राबवणारं आपल्या राज्यातलं प्राधिकरण. मग दहा हजार रुपये भरून महारेराकडे नोंदणी केली. पाच वर्षांचं प्रमाणपत्र आलं, ते फ्रेम करून फ्रीजच्या वर टांगलं आणि मला वाटलं, झालं.

१० जानेवारी २०२३ ला महारेराचा आदेश निघाला. यापुढे एजंटांना २० तासांचं प्रशिक्षण घ्यावं लागणार आणि परीक्षा पास होऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवावं लागणार. नव्यांनाच नाही, आमच्यासारख्या आधीच नोंदणी झालेल्यांनाही. आमच्या एजंटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी मकरसंक्रांतीच्या शुभेच्छा आधीच सुरू झाल्या होत्या. त्या थांबल्या आणि रात्री अकरापर्यंत नुसता आरडाओरडा. "वीस वर्षं धंदा करतोय, आता हे आम्हाला शिकवणार?" समोरच्या रस्त्यावर टेबल टाकून बसणारे आमचे एक भाऊ आहेत, त्यांनी जाहीर केलं, "मी भाड्याचंच करतो, मला लागू नाही." भाड्याच्या आणि बिल्डिंग पूर्ण झाल्यावरच्या रिसेलच्या व्यवहारांपुरतं त्यांचं खरं होतं. कायद्यात एजंटची नोंदणी आहे ती रेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधल्या विक्रीसाठी. पण भाऊ दिवाळीत बिल्डरचे बॅनर लावतात ते सगळ्या गल्लीला दिसतं.

मुदत आधी १ सप्टेंबर २०२३ होती, ती पुढे १ जानेवारी २०२४ झाली. मुदत वाढणार हे मलाही ठाऊक होतं, पण मी आधीच फॉर्म भरला. कारण धैर्य वगैरे काही नाही. शेवटच्या आठवड्यात सर्व्हर बंद पडतो हा लाइटबिलापासूनचा अनुभव.

प्रशिक्षण ऑनलाइन घेतलं. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवायचे. पहिल्याच दिवशी कळलं की अडचण कायद्याची नाही, मराठीची आहे. मी हौसेने मराठी माध्यम निवडलं होतं. आमच्या धंद्याची भाषा कशी असते? पार्टी आली, टोकन दिलं, सीसी आहे, ओसी बाकी आहे, कन्व्हेयन्स झालेलं नाही, इंडेक्स टू (नोंदवलेल्या कराराचा उतारा) काढून ठेवा. कायद्याच्या मराठीत बिल्डर म्हणजे प्रवर्तक. फ्लॅट घेणारा वाटपग्राही. ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, सीसी म्हणजे प्रारंभ प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स, म्हणजे जागा सोसायटीच्या नावावर करणं, ते अभिहस्तांतरण. आणि मी? मी अभिकर्ता. नवरा दोन दिवस "अभिकर्त्या, चहा मिळेल का?" म्हणत फिरत होता. तिसऱ्या दिवशी चहा त्याने स्वतः केला.

दोनशे पानी वहीला मी मधोमध रेघ मारली. डावीकडे आपला शब्द, उजवीकडे त्यांचा. ही यादी पाठ झाल्याशिवाय कलमांना हात लावण्यात अर्थ नव्हता, कारण प्रश्नच कळत नसे. 'प्रवर्तकाने वाटपग्राहींच्या दोन-तृतीयांश संमतीशिवाय' हे वाचेपर्यंत सुरुवात विसरायची. आपल्या भाषेत केलं की सोपं: मंजूर प्लॅन बदलायचा असेल तर बिल्डरला तीनातल्या दोन फ्लॅटवाल्यांचं लेखी हो लागतं.

आकडे मात्र आपसूक बसले, कारण एजंटचं डोकं आकड्यांवरच चालतं. ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात. ते जमीन आणि बांधकाम यांवरच खर्च करायचे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. महारेराच्या आदेशावर अपील ६० दिवसांत. प्रोजेक्टचा नोंदणी क्रमांक पी ने सुरू होतो, एजंटचा ए ने. तेव्हाच्या नंबरांत पी ५१७ म्हणजे ठाणे जिल्हा, पी ५२१ म्हणजे पुणे. हे परीक्षेला नव्हतं, पण तेव्हापासून कुठलंही होर्डिंग दिसलं की मी आधी नंबर वाचते. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा झाला, तेव्हा रस्त्यात उभी राहून होर्डिंगवर मोबाइल धरणारी काकू दिसली असेल तर ती मीच.

कलम ६२ वर मात्र मी थबकले. एजंटने नोंदणीशिवाय काम केलं किंवा कलम १० मधली बंधनं मोडली तर दिवसाला दहा हजार रुपये दंड, आणि तो वाढत वाढत फ्लॅटच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. आमचं ब्रोकरेज टक्का, फार तर दोन टक्के. त्यातही पार्टी शेवटी पाच हजार कापते.

प्रशिक्षणातला एक पूर्ण तास चटई क्षेत्रावर गेला, म्हणजे कार्पेट एरियावर. व्याख्या ऐकून डोक्यात काही शिरेना. बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, डक्ट धरायचे नाहीत, बाल्कनी आणि खाजगी गच्ची धरायची नाही, पण आतल्या भिंती धरायच्या. आतल्या का? भिंतीवर कोणी झोपतं का? रविवारी दुपारी मी टेप काढला आणि मुलाला म्हटलं, धर दुसरं टोक.

आमचा वन बीएचके ६५० चौरस फूट. वीस वर्षं हाच आकडा मी सांगत आले; त्या काळी बिल्डरने सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून, सांगितलेला. हॉल १० बाय १४. बेडरूम १० बाय ११, पण कपाट हलवल्याशिवाय कोपरा मिळेना. कपाट हलवलं तर मागे २०१४ चं कॅलेंडर आणि मुलाचा हरवलेला कंपास. किचन ८ बाय ९. बाथरूम ४ बाय ६, संडास ३ बाय ४, पॅसेज ३ बाय ८. मुलाने कॅल्क्युलेटरवर बेरीज केली: ३८२. मग आतल्या भिंती. प्लास्टर धरून सहा इंच जाड, सगळ्या मिळून साधारण ४० फूट लांब, म्हणजे २० चौरस फूट. एकूण ४०२. "आणि बाल्कनी?" नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणाला. बाल्कनी आम्ही २००८ मध्येच ग्रिल लावून हॉलमध्ये घेतली आहे, टीव्ही तिथेच आहे. ४ बाय ९, छत्तीस फूट. मी म्हटलं, नाही धरायची. "मी रोज तिथे बसतो," तो म्हणाला. बस, पण कायद्याने तू बाल्कनीत बसलायस.

६५० चे ४०२. मी कितीतरी लोकांना 'प्रशस्त साडेसहाशे' म्हणून अशी घरं दाखवली होती. खोटं बोलत होते असं तेव्हा वाटलं नाही, सगळेच तसं सांगत. त्या संध्याकाळी मात्र चहा घेताना भिंतीकडेच लक्ष जात होतं.

याहून जिव्हारी लागलं ते कलम १३. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. शिकवणारे वकील हे अगदी सहज सांगून पुढे गेले. मी तिथेच अडकले. २०१९ मध्येच, नवा रेरा नंबर घेऊन, मी एका नोकरी करणाऱ्या जोडप्याला ४२ लाखांचा फ्लॅट दाखवला होता. सेल्स ऑफिसमध्ये सांगितलं, "वीस टक्के भरा म्हणजे रेट लॉक." आठ लाख चाळीस हजारांचा चेक. तो मी स्वतः त्यांच्या घरून घेऊन ऑफिसात पोचवला, वर पेढेही खाल्ले. अॅग्रीमेंट झालं सात महिन्यांनी. तोवर त्यांच्या हातात साध्या पावतीपलीकडे काही नव्हतं, आणि अॅग्रीमेंटशिवाय लोनही पुढे सरकत नव्हतं. त्या जोडप्यातला मुलगा दर शनिवारी सकाळी साडेनऊला फोन करायचा. अतिशय नम्रपणे. मी दर शनिवारी सांगायची, "होऊन जाईल, मोठा बिल्डर आहे." फ्रीजवर प्रमाणपत्र होतं आणि कलम १३ मला माहीत नव्हतं.

त्या रात्री त्याच्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, "काकू, कुठलं काय काढता, आम्ही राहतोय ना मजेत." राहताहेत. वहीत त्या पानावर मी कलमाशेजारी ८,४०,००० एवढंच लिहून ठेवलं. बाकीची कलमं पाठ करावी लागली, हे नाही.

अभ्यासाची वेळ पहाटे पाच ते साडेसहा, म्हणजे पाणी येतं तेव्हा. तसंही उठावं लागतंच. मुलगा प्रश्न काढून द्यायचा आणि सगळ्यात जास्त चकवायचा तो ५०० चौरस मीटर आणि आठ फ्लॅटवर. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठापेक्षा जास्त नसतील तर प्रोजेक्टची नोंदणी लागत नाही. यातला 'किंवा' महत्त्वाचा. आमच्या प्रशिक्षणात त्या एका 'किंवा'वरून लोक इतके भांडले की वकीलसाहेबांना सगळ्यांचे माइक बंद करावे लागले.

खरी भीती वेगळीच होती. परीक्षा संगणकावर, आणि मला माउस धरता येत नव्हता. माझा सगळा धंदा मोबाइलवर. मुलाने जुना लॅपटॉप काढला आणि मला पत्ते खेळायला बसवलं. चार दिवस मी अभ्यासाच्या नावाखाली सॉलिटेअर खेळले. नवऱ्याला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता, मी बऱ्यापैकी जिंकायला लागले होते.

परीक्षा घेणारी संस्था आयबीपीएस, तीच ती बँकेच्या परीक्षा घेणारी. पावसाळ्यातला रविवार, त्यात मेगाब्लॉक. दोन तास आधी निघूनही ठाण्याला उतरून रिक्षा मिळेपर्यंत साडीचे काठ भिजले. केंद्राबाहेर रांग पाहून हसू आलं. सफारीतले सत्तरीचे काका, सोन्याची साखळी घातलेले दोन प्लॉटवाले, कडेवर बाळ घेऊन नवऱ्याला सूचना देणारी एक मुलगी. परीक्षा तिची होती, बाळ नवऱ्याने सांभाळायचं होतं. सफारीवाले काका मला म्हणाले, "ताई, अभिहस्तांतरण म्हणजे आपलं कन्व्हेयन्सच ना?" मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम खुलला.

आत मोबाइल नाही, पर्स नाही. कॉल लेटरवर डाव्या अंगठ्याचा ठसा. रजिस्ट्रारसमोर पार्ट्यांना अंगठे लावायला मी शेकडो वेळा नेलं असेल, स्वतःचा अंगठा पुसायला मात्र कागद सापडेना. पेपर सोपा होता असं म्हणणार नाही आणि अवघड होता असंही नाही. पहिल्या पाच प्रश्नांना हात थरथरत होता, मग चटई क्षेत्राचा प्रश्न आला आणि मला माझ्या घरातलं कपाट दिसलं. आतल्या भिंती धरून. टिक. दहा टक्क्यांचाही आला. तिथे मी पर्याय वाचलेच नाहीत.

पास झाले. मार्क सांगत नाही. मुलाला सांगितले तर तो म्हणाला, "माझ्या सेकंड सेमपेक्षा जास्त आहेत," आणि त्याचं सेकंड सेम मला माहीत आहे. प्रमाणपत्र पोर्टलवर चढवताना फोटोची साइज तीनदा नाकारली गेली, चौथ्यांदा कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने वीस रुपयांत करून दिलं.

मे २०२४ मध्ये प्रमाणपत्र सादर न केलेल्या जवळपास २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने वर्षभरासाठी स्थगित केली. दुसऱ्याच दिवशी दुपारी समोरचे भाऊ दारात. हातात आंब्यांची पेटी, पायरी, अर्धी भरलेली. "वहिनी, ती तुमची वही..." मी वही दिली, पण आठवड्यात परत या अटीवर, कारण शेवटच्या पानांवर माझ्या किल्ल्यांचा हिशेब आहे. आता रोज रात्री नऊच्या सुमारास त्यांचा फोन येतो. काल विचारत होते, वाटपग्राही म्हणजे बिल्डर की पार्टी.