टिक्क... आणि पुढं काहीच नाही

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या गाडीनं मला चौदा वेळा दगा दिला. आकडा अंदाजे नाही, वहीत तारखेनिशी लिहिलाय, पहिल्या दोन नोंदी आठवणीनं आणि बाकीच्या त्याच दिवशी. गाडी २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, आम्ही सेकंड हँड घेतलेली, आणि मी रोज साताऱ्याहून कोरेगावला शाळेवर जाते, वीसेक किलोमीटर, माहुलीचा पूल ओलांडून. नववी-दहावीला विज्ञान शिकवते. गाडी कायमची बंद पडली असती तर एकदाच सोक्षमोक्ष लागला असता, पण ही नऊ दिवस पहिल्या चावीला सुरू व्हायची आणि दहाव्या दिवशी कुठंतरी चावी फिरवली की टिक्क. बस. सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिल्यांदा फिरवणारी मोटर, फिरायचाच नाही.

पहिल्यांदा झालं ते शाळा सुटल्यावर, बाहेर पाऊस लागलेला, पाच वाजून गेलेले, घरी सासूबाईंचं औषध आणायचं होतं. आमच्या एका सरांनी त्यांची गाडी शेजारी लावली, जंपर केबल काढली, लाल चिमटा प्लसला, काळा चिमटा इंजिनच्या एका बोल्टला, आणि चावी मारली तशी गाडी झटक्यात सुरू. सगळे म्हणाले, बॅटरी गेली. मीपण तेच म्हणाले. दुसऱ्या वेळीही जंपरनंच सुरू झाली, मग तर शंकाच राहिली नाही. बॅटरी चार वर्षांची होती म्हणून गॅरेजवाल्यानंही लगेच मान डोलावली, जुनी देऊन नवीन बसवली, साडेचार हजार गेले.

अकराव्या दिवशी पोवई नाक्यावर, पेट्रोल भरून झाल्यावर, परत टिक्क. मागं रांग, हॉर्न, आणि नवी कोरी बॅटरी. दोन मुलांनी धक्का दिला, दुसऱ्या गिअरला क्लच सोडला तशी धडधडून सुरू झाली. त्या दिवशी घरी येऊन मी वही घातली.

मग दुसरं गॅरेज. तिथल्या मिस्त्रींनी टेस्टलॅम्प लावून सगळं तपासलं, माझ्यासमोर, बॅटरीचा प्लस, सेल्फपर्यंतची जाड वायर, इंजिनची अर्थ (करंट बॅटरीच्या मायनसकडं परत नेणारी वायर), सगळीकडं लॅम्प लख्ख पेटला. "वायरिंग ओक्के हाय मॅडम, सेल्फच बसलाय." सेल्फ उतरवला, कार्बन ब्रश बदलले, बुश बदलले, अठराशे रुपये. आणि खरंच तीन आठवडे काही त्रास झाला नाही, मी मिस्त्रींना फोन करून आभारसुद्धा मानले. मग गणपतीच्या खरेदीला राजवाड्यावर गेलो, पाऊण तासानं परत आलो, टिक्क.

यात मला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल तर गॅरेजला नेली की गाडी पहिल्या चावीला सुरू व्हायची त्याचा. मिस्त्री तरी काय करणार, समोर बिघाड दिसतच नाही मग तो ज्या वस्तूवर जास्त वेळा बिघाड बघितलाय तीच बदलणार, आणि पैसे आपले जातात. अधूनमधून येणारा बिघाड पकडायचा तर तो ज्या क्षणी आलाय त्याच क्षणी मोजला पाहिजे, आणि त्या क्षणी गाडीजवळ आपणच असतो, मिस्त्री नसतो. हे मला फार उशिरा कळलं.

वहीत मी काय लिहीत होते तर वेळ, इंजिन गरम की गार, गाडी बंद करून किती वेळ झाला, पाऊस, आवाज कसला आला, दिवे कसे होते. चौदापैकी अकरा वेळा इंजिन गरम होतं, गाडी बंद करून काही मिनिटं ते तासभर झालेला. सकाळी पहिल्या चावीला एकदाही नाही. आणि प्रत्येक वेळी एकच टिक्क, सेल्फ फिरायचा नाही. ही शेवटची गोष्ट नीट लिहून ठेवा कारण "गाडी सुरू होत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे आजार असतात. सेल्फ फिरतोय, कुर्रकुर्र चाललंय पण इंजिन पकडत नाही, तर बघायचं पेट्रोल येतंय का, चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद घूं असा आवाज येतो का, स्पार्क आहे का, गरम झाल्यावर दम सोडणारा क्रँक सेन्सर आहे का. आमच्याकडं सेल्फच फिरत नव्हता, म्हणजे पेट्रोल, प्लग, सेन्सर यांच्याकडं बघायचं कारणच नव्हतं. एकानं तर मला इंजेक्टर साफ करून घ्यायला सांगितलेलं.

पुढची खूण दिव्यांनी दिली. एका संध्याकाळी शाळेच्या शेडच्या भिंतीसमोर गाडी उभी होती आणि हेडलाइट चालू ठेवून मी चावी मारली. टिक्क. भिंतीवरचा उजेड जेमतेम हलला. आता बॅटरी दमलेली असेल तर सेल्फ ओढायला लागला की दिवे एकदम पिवळे पडतात, आणि गाडी नीट सुरू होते तेव्हासुद्धा क्षणभर चांगलेच मंद होतात. इथं त्याहून कमी मंद झाले. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे आणि करंट सेल्फपर्यंत पुरेसा जातच नाहीये, वाटेत काहीतरी अडवतंय.

दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर डॅशबोर्डमध्ये ठेवला. चार दिवस काही झालं नाही, पाचव्या दिवशी झालं, आणि त्या दिवशी मला राग यायच्या ऐवजी बरं वाटलं. बॉनेट उघडलं, शिपाई मामांना चावीवर बसवलं, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, ओढणी कमरेला खोचली आणि हातातल्या बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या. हे बायकांनी आवर्जून करा, धातूची बांगडी प्लस आणि बॉडी यांच्यात टेकली तर क्षणात लाल होते. चावी न मारता बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. चावी मारली, टिक्क, ११.५. नीट सुरू होते तेव्हा हाच आकडा १०.४ पर्यंत खाली जातो, तो मी आधीच घेऊन ठेवलेला. म्हणजे बिघाडाच्या वेळी बॅटरीवर ताण उलट कमी पडत होता. भिंतीनं सांगितलं तेच मीटर सांगत होता.

त्या दिवशी परत जंपरनं गाडी सुरू करून घरी आले, आणि रात्री भांडी घासताना डोक्यात आलं की नवीन बॅटरी एवढी चांगली आहे तर मग जंपर लावल्यावर गाडी सुरू का होते? सरांच्या बॅटरीनं काय जादा दिलं? आणि एकदम डोळ्यासमोर तो काळा चिमटा आला. इंजिनच्या बोल्टला लावलेला. बॅटरीतनं निघणारा वायू ठिणगीनं पेटू नये म्हणून काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावतात, बरोबरच आहे ते. पण त्यामुळं होत काय होतं, की सेल्फमधनं गेलेला करंट इंजिनमधनं थेट त्या जाड केबलनं परत जात होता. आमच्या गाडीची स्वतःची परतीची वाट, म्हणजे इंजिनची अर्थ, त्यात वापरलीच जात नव्हती. तीन महिने आम्ही ज्याला बॅटरीचा पुरावा समजत होतो तो अर्थचा पुरावा होता. मी हात तसेच ओले घेऊन वहीत लिहिलं.

पुढच्या वेळी टिक्क झाल्यावर दुसऱ्या कुणाची गाडी लागलीच नाही. माझीच जंपर केबल घेतली, एक चिमटा माझ्याच बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिन उचलायचा जो हुक असतो त्याला. चावी मारली, सुरू. बंद केली, केबल काढली, चावी मारली, टिक्क. परत लावली, सुरू. तीन वेळा केलं. मग केबल काढून मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या लोखंडावर धरून चावी मारायला लावली. या दोन जागांमध्ये चावी मारताना ०.२ व्होल्टच्या आसपासच दिसलं पाहिजे, आमच्याकडं ७ आले. बारापैकी सात व्होल्ट परतीच्या वाटेतच खलास, सेल्फ बिचारा कशावर फिरणार.

आकडा घेऊन एमआयडीसीजवळच्या एका वायरमनकडं गेले. वयस्कर माणूस, वही वाचली, मीटरचे आकडे वाचले, आणि एकच प्रश्न विचारला, "क्लचची केबल कधी गरम लागली का हाताला?" इंजिनला अर्थ मिळाली नाही की करंट मिळेल त्या वाटेनं पळतो म्हणे, एक्सलेटरच्या केबलीतनं, गिअरच्या केबलीतनं, त्यांनी केबली वितळलेल्या बघितल्यात. मग बॅटरी आणि तिचा ट्रे काढला. खाली इंजिनला जोडलेल्या गिअरबॉक्सपासून चॅसीपर्यंत, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत, तांब्याच्या तारांची एक चपटी वेणी होती, हीच इंजिनची अर्थ, वरून बघितली तर काळपट पण धड. बोल्ट खोलून त्यांनी ती थिंबलजवळ, म्हणजे टोकाला बोल्टात बसणाऱ्या कडीजवळ, हळूच वाकवली. हिरवी पूड त्यांच्या तळहातावर पडली, आणि थिंबलच्या तोंडाशी निम्म्याहून जास्त तारा तुटून आत काळ्या झालेल्या. इंजिन प्रत्येक वेळी बंद होताना जरा हलून बसतं, गरम झाल्यावर तिथलं सगळं फुगतं, त्यामुळं कधी त्या तारा एकमेकींना टेकायच्या कधी नाही. सकाळी टेकलेल्या असायच्या. आणि सेल्फ उतरवून बसवताना तिथं हात लागला, वेणी हलली, म्हणून ते तीन आठवडे नीट गेले.

नवीन वायर त्यांनी तिथंच बनवली, २५ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, दोन्ही टोकांना थिंबल दाबून. चॅसीच्या बाजूचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासला, बोल्ट आवळला आणि वरून पेट्रोलियम जेली फासली, पावसाचं पाणी बसू नये म्हणून. तीनशे वीस रुपये. चावी मारताना आकडा ०.१५. अजून एक गोष्ट त्यांनी दाखवली जी माझ्या लक्षात आली नव्हती. इंजिन चालू असताना बॅटरीवर आधी १३.३ यायचे, आता १४.२ आले. बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनमोचीही अर्थ इंजिनमधूनच असते, म्हणजे इतके दिवस चार्जिंगही त्याच सडलेल्या वेणीतनं अडखळत चाललेलं. ती जुनी बॅटरी कदाचित कधी पोटभर चार्जच झाली नसेल. तिच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं, चार वर्षांत तिनं कधी दगा दिला नव्हता.

ती वेणी मी मागून घेतली आणि नववीच्या वर्गात नेली, ओहमचा नियम चालला होता. मुलांना सगळी गोष्ट सांगितली, फळ्यावर गणित मांडलं, वाया गेलेले ७ व्होल्ट, सेल्फचा करंट साधारण १५० अँपिअर धरला तर रोध किती, मुलांनी काढला, ०.०५ ओहमपेक्षाही कमी. एवढासाच. मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली, "पण मॅडम, त्या मिस्त्रींचा दिवा अर्थवर लख्ख पेटला ना, मग तो कसा पेटला?" हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. मी तिलाच फळ्याजवळ बोलावलं. टेस्टलॅम्पचा बल्ब ५ वॅटचा धरला, १२ व्होल्टवर त्याला लागतो जेमतेम ०.४ अँपिअर. वेणी तीच, रोध तोच. तिनं खडूनं लिहिलं, ०.४ गुणिले ०.०५, आणि खाली उत्तर, वाया जाणारे ०.०२ व्होल्ट.