काडीपेटी घरी ठेवून गेलो होतो

रविवार, डिसेंबर. पहाटे साडेपाचला बेळगावातनं निघालो, जांबोटी सोडल्यावर थंडी अशी की हँडलवरची बोटं माझी का दुसऱ्याची कळेना. कणकुंबीच्या अलीकडं आईच्या चुलत भावाचं, म्हणजे मामाचं रान आहे, थोडी काजू, खाली भाताची खाचरं, वर सगळं जंगल. मुद्दाम इथंच येतो, कारण भीमगड २०११ ला अभयारण्य झालं, तिथं जाळ करायचा विचारसुद्धा करायचा नाही, आणि नाहीच करावा. इथं मालकी जागा, भात कापून मोकळं झालेलं खाचर, शेजारी पाण्याची कळशी. गवताची गंजी तेवढी लांब बघून बसलो.

आजचा नियम एकच, काडीपेटी, लायटर काही नाही, फक्त फेरो रॉड, म्हणजे खरवडली की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, आणि सुरी. सुरी ऑनलाइन मागवलेली, किंमत घरी सांगितलेली नाही. काटक्या गोळा केल्या, व्हिडिओत दाखवतात तशा लाकडाच्या कुरळ्या सोलून काढल्या, दिसायला एक नंबर. अर्धा तास ठिणग्या पाडतोय, पडतायत पण रग्गड, पण धूरसुद्धा नाही. रात्रभर दंव पडलेलं, सगळं सादळलेलं, आणि मी आपला रॉडला दोष देतोय.

मामा गुरं सोडून आला, कमरेला आकडीत कोयता. थोडा वेळ नुसता बघत राहिला.

"काय चालवलंयस रे?"

"जाळ करतोय ओ मामा."

"काडीपेटी नाही व्हय?"

आता ह्याला काय सांगायचं. पण हसला नाही, म्हणाला, भुईवर पडलेलं लाकूड घेतलंस, ते पाणी पिऊन बसलंय, उभ्यानं वाळलेलं बघ की. मग कुंपणातला एक जुना बांबू उपसला, मधला तुकडा तोडला आणि कोयता आडवा धरून वरची साल नुसती खरवडत सुटला. कापायचं नाही, खरवडायचं. बांबूवर दंव होतं, पण ते वरच्या वर, पहिला कीस त्यानं टाकूनच दिला आणि खालचा कोरडा घेतला, कापसासारखा, मुठीत मावेल एवढा. चौथ्या ठिणगीला धरला. माझ्या त्या कुरळ्या नंतर चहाचं पाणी उकळायला उपयोगी आल्या, म्हणजे अगदीच वाया नाही गेल्या.

चहा झाल्यावर मामानं दोरी वळायला केवणीची ओली फांदी आणली. मुरुडशेंगेचं झाड म्हटलं तर पटकन कळेल, बाळघुटीत ती पीळदार शेंग उगाळतात ना, तेच. साल ओढली की लांब पट्टी निघते, वरचा खरबरीत भाग काढून आतला वाख, म्हणजे धागे, घ्यायचा. दोन पदर मांडीवर एका दिशेला पिळायचे आणि एकमेकांवर चढवायचे उलट्या दिशेला, म्हणजे पीळ पिळाला अडवून धरतो, सुटत नाही. ऐकायला सोपं. मामाचा हात गप्पा मारता मारता चालतो, माझा पदर एक जाड एक बारीक, मधे फुगवटे. अर्धी त्यानं वळली, उरलेली मी.

मग तो गेला आणि मी एका ऐनाला टेकून बसलो, ती मगरीच्या पाठीसारखी साल पाठीला टोचते लई. मोबाईल बंद. पहिली दहा मिनिटं काहीच नाही, डोक्यात ऑफिसच. मग वरच्या फांदीवर मुंग्यांचं ते काळपट घरटं असतंय ना, शेणाच्या गोळ्यासारखं, त्याच्यावर एक तांबूस सुतार पक्षी येऊन चिकटला. आरामात टोचून मुंग्या खात होता, मधेच पाय झटकायचा, परत खायला सुरू. वाचलं होतं की हा विणीच्या वेळी त्याच घरट्यात भोक पाडून अंडी घालतो. जी मुंगी आपल्याला फांदीला हात लावू देत नाही तिच्याच घरात पोरं वाढवायची म्हणजे कमाल आहे.

येताना मामा परत बरोबर होता, पायवाटेला एक वारूळ फोडलेलं दिसलं, खोल भोक, कडेला नखांचे ओरखडे. अस्वल. मी म्हटलं जुनं असेल. मामानं खाली बसून भोकाच्या कडेला बोट लावलं, वाळवीनं लिंपायला घेतलेलं, पण अगदी बोटाएवढंच, माती अजून ओली. "रातचंच आहे, चल," म्हणाला आणि मोठ्यानं गुरांना हाका मारत सुटला. गुरं तर पार खाली होती. हाका कुणासाठी ते मला गोठ्यापाशी पोचल्यावर कळलं.

रात्री घरी बाल्कनीत ती दोरी बांधून ओला टॉवेल टाकून बघितला. पाचेक मिनिटं धरली आणि मग तुटली, माझ्या बाजूला.