तुम्ही विचारलंत म्हणून: सुरुवात गरम रश्शापासून

घरातले प्लास्टिक कमी करायचे तर सुरुवात कुठून करावी, असे मला अनेकजण विचारतात. कापडी पिशवी घेऊन मंडईत जावे, हे उत्तर त्यांना अपेक्षित असते आणि ते चुकीचेही नाही. परंतु कोल्हापूरकर म्हणून मी सांगते की, रविवारी तांबडा-पांढरा रस्सा आणायला जाताना आधी स्टीलचे डबे न्यावेत.

याचे कारण उष्णता आणि तेल. प्लास्टिक लवचीक, टिकाऊ किंवा रंगीत व्हावे म्हणून त्यात जी रसायने मिसळतात, ती त्याला पक्की जोडलेली नसतात. उकळता, तेलकट पदार्थ त्यात ओतला की ती सुटून अन्नात उतरण्याचे प्रमाण वाढते, आणि त्यांतली काही शरीरातील संप्रेरकांच्या कामात अडथळा आणतात. वर तर्री तरंगणारा वाफाळता रस्सा पातळ पिशवीत भरून दोऱ्याने बांधून देतात, तेव्हा या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. कोथिंबिरीच्या जुडीच्या बाबतीत तसे होत नाही, म्हणून माझ्या लेखी तिचा क्रम नंतरचा. चहाचा कागदी कपसुद्धा यात धरावा, कारण त्याला आतून बहुधा प्लास्टिकचाच पातळ थर असतो.

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, तरी त्या घरात येतात आणि पुढे काय होते ते आपण पाहतोच. काही घरांत त्या पाण्याच्या बंबात जाळतात. हे मला सर्वांत घातक वाटते, कारण तो धूर बंबाजवळ बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या छातीत जातो आणि त्या ढिगात पीव्हीसीचा तुकडा असेल तर डायॉक्सिनसारखी विषेही तयार होतात. गटारात गेलेली पिशवी पावसाबरोबर जयंती नाल्यातून पंचगंगेत आणि नृसिंहवाडीजवळ कृष्णेत पोहोचते. वाटेत उन्हाने, घर्षणाने तिचे पाच मिलिमीटरहून लहान कण होतात, जे पुन्हा गोळा करणे कोणालाच शक्य नसते.

पहिल्या रविवारी हॉटेलातल्या मुलाने माप कळत नाही म्हणून डबा भरायला नकार दिला होता. मी घरी पाणी मोजून डब्यावर आतून एक आणि दोन वाट्यांच्या खुणा करून नेल्या, तेव्हापासून अडचण आली नाही. डबे दोन असावेत, झाकणे घट्ट असावीत आणि ते पिशवीत उभे राहावेत म्हणून मध्ये जुना पंचा दाबून बसवावा.