छपरावरचं हिम

सकाळी पोहोचलो तेव्हा आजूबाजूची सगळी छपरं रात्रीच्या हिमाने पांढरी होती. एकच ओलं, काळं. मला बोलावलं होतं ते घर नेमकं तेच.

आत रेडिएटरमधून गरम पाणी फिरवून घर तापवणाऱ्या १२ किलोवॅटच्या इलेक्ट्रिक बॉयलरचं खोकं येऊन पडलं होतं. काकूंच्या मुलाने हिशेब केला होता. "घर ११० चौरस मीटर. दर दहा मीटरला एक किलोवॅट, म्हणजे अकरा. थोडा मोठाच घेतला. दादा, आजच बसवून द्या, आईला थंडी सोसत नाही." काकू खरंच दोन स्वेटर घालून रेडिएटरला टेकून बसल्या होत्या.

मी आधी मीटरची पेटी उघडली. सिंगल फेज, मेन एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच, ४० अँपिअरचा. हा बॉयलर २३० व्होल्टवर ५२ अँपिअर ओढणार. पहिल्याच कडाक्याच्या रात्री मेन पडून घर अंधारात गेलं असतं. मुलगा म्हणाला, "मग मोठा एमसीबी टाका." याला मी कधीच तयार होत नाही. वायर आहे तेवढ्याच जाडीची राहते, आणि ती भिंतीच्या आत तापू लागली तर कुणाला कळतही नाही. थ्री फेजवर प्रत्येक फेजला जेमतेम १७ अँपिअर आले असते, पण तो जोड मिळेपर्यंत हिवाळा सरला असता.

मग शिडी मागितली. माळ्याचं दार ढकललं आणि चेहऱ्यावर ऊब आली. वर उष्णता अडवणाऱ्या इन्सुलेशनचा पत्ता नव्हता. नुसत्या फळ्या, खिळ्यांच्या टोकांवर पाण्याचे थेंब.

खाली येऊन कागद घेतला. बाहेर उणे १०, आत २० धरलं. भिंती, खिडक्या, जमीन आणि फटींतून जाणारी हवा मिळून साधारण ५ किलोवॅट. एकट्या छतातून साडेसहा! म्हणजे मुलाचा ठोकताळा चुकला नव्हता, घराला तेवढी उष्णता लागतच होती. फक्त निम्म्याहून जास्त उष्णता छपरावरचं हिम वितळवत होती. माळ्यावर तीसेक सेंटीमीटर इन्सुलेशन अंथरलं तर ते साडेसहा किलोवॅट थेट अर्ध्या किलोवॅटवर येतात.

मुलाने खोक्यावरचा ९९ टक्के कार्यक्षमतेचा आकडा दाखवला. तो खोटा नाही, पण इलेक्ट्रिक बॉयलर कुठलाही घ्या, विजेची जवळजवळ सगळी उष्णताच होते. त्या आकड्यावरून मी बॉयलर निवडत नाही. पाणी तापवणारे एलिमेंट किती, ते एकेक करून चालू होतात का, घरातली बाकीची उपकरणं चालू असताना बॉयलर आपला भार आपणहून कमी करतो का, हे पाहतो.

खोकं न उघडताच परत गेलं. आधी माळा झाला. मग ३ किलोवॅटचे तीन एलिमेंट असलेला ९ किलोवॅटचा बॉयलर बसवला आणि तिसरा एलिमेंट राखीव म्हणून बंद ठेवला. विजेची शेगडी चालू झाली की उरलेल्या दोनपैकी आणखी एक बंद होतो, तशी रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच, जोडली. दोन्ही एलिमेंट चालू असताना क्लँप मीटरवर २६ अँपिअर आले.

रेडिएटर जुनेच ठेवले. आधी ७० अंशांचं पाणी लागायचं, आता ५० पुरत होतं. काकूंनी हात लावून पाहिला आणि काळजीने म्हणाल्या, "अरे, हा तर कोमटच आहे."

मी भिंतीवरचं तापमापक दाखवलं. २० होतं.